लाट येण्यापूर्वीचा अवधी

माणसावर दुःख कोसळले की त्याच्या मुखातून पहिला शब्द बाहेर पडतो तो 'का?' हा. पोटचे मूल अकाली गेले, हाताशी आलेले पीक गारपिटीत आडवे झाले, घरचा कर्ता पुरुष अंथरुणाला खिळला, की तो आकाशाकडे पाहून विचारतो, "माझ्याच वाट्याला हे का?" या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर नको असते. तो जखमी काळजाचा आक्रोश असतो, आणि ईयोबापासून स्तोत्रकर्त्यांपर्यंत अनेक भक्तांनी तो परमेश्वरापुढे निःसंकोचपणे मांडलेला आहे. पण ज्याच्यावर दुःख कोसळलेले नसते, जो काठावर उभा राहून पाहात असतो, त्याच्याही मनात एक 'का?' उगवतो. "त्यांच्याच वाट्याला का? त्यांनी असे काय केले होते?" शब्द जवळजवळ तेच, परंतु हा आक्रोश नव्हे, हा निवाडा आहे. दुःखिताच्या तोंडी जो प्रश्न प्रार्थना होतो, तोच बघ्याच्या तोंडी आला की पाप होऊ शकतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या 'का?'चा विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठी २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावयाचे आहे.

समुद्र जेथून चारशेहून अधिक किलोमीटर दूर आहे त्या हिंगोली जिल्ह्यात बसून समुद्राच्या लाटेविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. आमच्या भागातील कित्येकांनी समुद्र पाहिलेलाही नाही. परंतु ज्या शक्तीने समुद्राचा तळ हलतो ती शक्ती आम्हांस अगदीच अपरिचित नाही. वसमत, औंढा नागनाथ आणि कळमनुरी या तालुक्यांतील गावांतून गेल्या काही वर्षांपासून जमिनीखालून गूढ आवाज ऐकू येतात. पांगरा शिंदे या गावाचे नाव त्यामुळेच राज्यभर गेले. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास रिश्टर मापनावर ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, आणि त्याच वर्षी १० जुलैच्या सकाळी तेवढ्याच तीव्रतेचा दुसरा. लोक मुलाबाळांना घेऊन अंगणात धावले. धक्का ओसरल्यावर ओट्यावर जी चर्चा रंगते तीत भूगर्भशास्त्र थोडे आणि निवाडा पुष्कळ असतो. अमक्या गावात पाप वाढले, तमक्यांनी नवस फेडला नाही, शेवटचा काळ जवळ आला. या चर्चेत हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद उरत नाही. म्हणून समुद्राचे निमित्त करून हा विचार आपल्याच ओट्यावरचा आहे, असे वाचकांनी समजावे.

प्रथम लाट कशी जन्मते ते पाहू. कारण ज्या गोष्टीचा निवाडा करावयाचा ती नीट जाणून घेणे हा न्यायाचा पहिला नियम आहे. पृथ्वीचे कवच अखंड नाही. ते अनेक विस्तीर्ण भूपट्टांचे बनलेले आहे, आणि हे भूपट्ट वर्षाला काही सेंटीमीटर, म्हणजे साधारण बोटाचे नख वाढते त्या गतीने, सरकत असतात. सुमात्रा बेटाच्या पश्चिमेस एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो आहे. शिरताना तो वरच्या भूपट्टाची कड आपल्याबरोबर खाली ओढतो. घर्षणामुळे ती कड अडकून राहते आणि शतकानुशतके ताण साठत जातो. वाकविलेली वेताची छडी हातातून सुटावी तसा तो ताण त्या रविवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ६ वाजून २९ मिनिटांनी, सुटला. भूकंपाची तीव्रता ९.१ होती. सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे तेराशे किलोमीटर लांबीचा पट्टा फाटत गेला. समुद्राचा तळ काही ठिकाणी कित्येक मीटर वर उचलला गेला, आणि त्याबरोबर त्यावरचे अथांग पाणीही.

वाऱ्याने उठणारी लाट समुद्राच्या पृष्ठभागावर खेळते. ही लाट तळापासून वरपर्यंतचे सारे पाणी घेऊन निघते. खोल समुद्रात तिचा वेग ताशी सातशे ते आठशे किलोमीटर, म्हणजे जवळजवळ विमानाइतका असतो. पण तिची उंची मीटरभरही नसते, आणि एका लाटेपासून दुसरीचे अंतर शेकडो किलोमीटर भरते. त्यामुळे भर समुद्रातील कोळ्याच्या होडीला ती जाणवतही नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ होते तेव्हा लाटेचा पुढचा भाग मंदावतो, मागचे पाणी येऊन त्यावर चढते, आणि ती भिंतीसारखी उभी राहते. जेथे लाटेचा खोलगट भाग आधी पोहोचतो तेथे समुद्र प्रथम मागे हटतो, तळ उघडा पडतो, मासे तडफडू लागतात, आणि मुले कुतूहलाने त्या दिशेने धावतात. 'त्सुनामी' या जपानी शब्दाचा अर्थच 'बंदरातील लाट' असा आहे. समुद्रावर काहीच न जाणवलेला कोळी परत येई, तो त्याला बंदर उद्ध्वस्त झालेले दिसे.

आपला पश्चिम किनाराही यातून सर्वस्वी सुटलेला नाही. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ, आजच्या पाकिस्तानात, भूकंप झाला आणि त्याच्या लाटा कच्छपासून मुंबईपर्यंत आल्या. त्या सकाळी मुंबईतही माणसे वाहून गेली. आज ती गोष्ट किती जणांच्या स्मरणात असेल?

आता विचार करावा : या साऱ्या वर्णनात क्रोध कोठे आहे? भूपट्टाला शत्रू नाही, लाटेला यादी दिलेली नाही. पाणी उताराकडे धावते, कारण तो त्याचा धर्म आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी शिकविले की परमेश्वर सृष्टीचा कर्ता असला तरी तो सृष्ट वस्तूंना स्वतःचे गुणधर्म आणि स्वतःची कार्यशक्ती देतो. अग्नी जाळतो तो खरोखर अग्नीच जाळतो. कॅथलिक धर्मशिक्षणही सांगते की ही सृष्टी पूर्णत्वास पोहोचलेली नसून पूर्णत्वाकडे वाटचाल करीत आहे, आणि अशा वाटचालीत घडण्याबरोबर मोडणेही असते.

याचा दाखला आमच्या पायांखाली आहे. मराठवाड्यातील ज्या काळ्या कसदार जमिनीत आज कापूस, सोयाबीन आणि वसमतची हळद पिकते, ती जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उफाळलेल्या लाव्हारसाच्या खडकाची माती आहे. त्या काळी या भूमीवर जे काही जगत होते त्याच्या दृष्टीने तो प्रलयच असणार. आज त्याच प्रलयाच्या राखेवर आपण नांगर धरतो आणि सुगीच्या दिवशी पहिले कणीस वेदीवर वाहून देवाचे आभार मानतो. जिने डोंगर उभारले, जिने माती दिली, तीच पृथ्वीची अंतर्गत उष्णता समुद्राचा तळही हलविते. तिचे देणे घ्यावे आणि तिचे हलणे मात्र पापाच्या खात्यावर मांडावे, हे तर्काला धरून नाही. अर्थात ज्या मातेचे बाळ लाटेने नेले तिला ही गोष्ट सांगावयाची नसते. ती सांगावयाची आहे निवाडा करणाऱ्याला.

निवाडा करणाऱ्यास इतिहासही साथ देत नाही. १ नोव्हेंबर १७५५ हा सर्व संतांचा सण. पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे सकाळी साडेनऊच्या पुढे चर्चमधून लोक दाटीने जमले असताना भूकंप झाला, आणि चर्चच्या कमानी भाविकांवर कोसळल्या. जे वाचले ते मोकळ्या जागेच्या ओढीने तेजो नदीच्या धक्क्यावर धावले. काही वेळाने समुद्राची लाट नदीच्या मुखातून आत आली आणि तिने त्यांना ओढून नेले. उरलेले शहर आगीने खाल्ले. लिस्बन आपल्या लोकांना परके नव्हते. वसईचा किल्ला १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकेपर्यंत तेथील कारभार त्याच राजाच्या नावाने चाले, आणि गोव्यात तो पुढेही चालू राहिला.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे गणरायाला निरोप देऊन दमून झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटे असताना किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे दगडमातीखाली गाडली गेली. आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. आणि २६ डिसेंबर २००४ हा नाताळनंतरचा दिवस, रविवार, पवित्र कुटुंबाचा सण. त्या दिवशी हिंदी महासागराच्या काठावर दोन लाखांहून अधिक माणसे गेली; त्यांत आचेचे मुसलमान होते, श्रीलंकेचे बौद्ध, तामिळनाडूचे हिंदू आणि ख्रिस्ती होते. मृत्यूने सण पाहिला नाही आणि पंथही पाहिला नाही. देवाच्या कोपाची भाषा बोलणाऱ्याने सांगावे की यांतील कोणावर तो कोपला होता.

या ठिकाणी एका नाजूक गोष्टीला हात घालणे भाग आहे. वेलंकनीची आरोग्यमाता आपल्या कुटुंबांना किती जवळची आहे हे सांगावयास नको. नवस बोलून, पैसापैसा साठवून आपली माणसे तेथे जातात. त्या रविवारी सकाळी तीर्थमंदिरात मिस्सासाठी भाविक जमले होते. पाणी मंदिराच्या जवळ आले, पण आत शिरले नाही. आत असलेले वाचले. बाहेर किनाऱ्यावर, दुकानांतून, वाळूवर जे होते त्यांपैकी शेकडो यात्रेकरू वाहून गेले. वाचलेल्यांनी देवाचे आणि मातेचे आभार मानले, आणि ते योग्यच होते. ज्याला जीवदान मिळाले त्याने आभार मानू नयेत असे कोण म्हणेल? पण पुढे ही गोष्ट सांगता सांगता तिला एक शेपूट फुटले : जे मिस्साला होते ते वाचले, जे मिस्सा सोडून समुद्रावर गेले ते बुडाले.

वाचकहो, ही गोष्ट तुमच्याही कानांवर आली असेल. ती सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. मुलांनी मिस्सा चुकवू नये एवढाच असतो. परंतु तिच्या पोटात काय दडले आहे ते पाहा. वाळूवर असलेल्यांत आधीच्या मिस्साला जाऊन आलेली कुटुंबे नसतील काय? खेळणी विकून पोट भरणारी पोरे नव्हती काय? आईच्या कडेवरचे तान्हे मूल मिस्सा चुकविते काय? ज्या बापाने त्या वाळूवर आपले लेकरू गमावले तो या गोष्टीतून काय ऐकेल? आपल्या मातेने दार लावून घेतले आणि आपल्या लेकराला बाहेर ठेवले, असेच ना? आरोग्यमातेची याहून मोठी निंदा कोणती? कृतज्ञतेचे हात जोडलेले असतात. ते कोणाकडे बोट दाखवीत नाहीत. मंदिर उभे राहिले याचा आनंद मानताना लिस्बनची कोसळलेली चर्चेसही स्मरणात ठेवली पाहिजेत. एक वाचले तो पुरावा आणि दुसरे पडले तो अपवाद, असा हिशेब प्रामाणिक मनाला करता येत नाही.

प्रभू येशूने हा प्रश्न आपल्यासाठी सोडवून ठेवला आहे. लूकलिखित शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे चिरडली गेल्याची वार्ता येते. ती माणसे यरुशलेममधील इतर सर्वांहून अधिक पापी होती असे तुम्हांला वाटते काय, असे प्रभूच विचारतो आणि स्वतःच निःसंदिग्धपणे 'नाही' म्हणतो. नंतर तो ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाचे आवाहन करतो. बोट मेलेल्यांकडून काढून घेऊन तो ते जिवंतांच्या काळजावर ठेवतो. येथवर आपण प्रवचनांतून पुष्कळदा ऐकलेले असते. मात्र त्याच्या पुढचाच दाखला आपण सहसा वेगळा वाचतो. तो आहे फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा. धनी म्हणतो, तोडून टाक. माळी म्हणतो, आणखी एक वर्ष राहू द्या. मी भोवती खणतो, खत घालतो. बुरूज पडल्याच्या वार्तेनंतर लगेच हा दाखला का यावा? मला वाटते, प्रभू सांगतो आहे की निवाड्याचा विषय सोडा आणि तुम्हांला मिळालेल्या अवधीचा विचार करा. मेले ते का मेले, हे तुम्हांला कळणार नाही. तुम्ही उरला आहात, आणि हाती वेळ आहे. त्या वेळात खणणार काय? खत घालणार काय?

आपत्तीविषयीचा खरा नैतिक प्रश्न मला या 'अवधी'त दिसतो. लिस्बनच्या भूकंपानंतर पोर्तुगालमध्ये धर्मगुरूंपुढे दोन वाटा आल्या. फादर गाब्रिएल मालाग्रिदा हे वृद्ध येशूसंघीय धर्मगुरू. ब्राझीलच्या अरण्यांत त्यांनी आयुष्य झिजविले होते. त्यांनी १७५६ मध्ये पुस्तिका लिहून भूकंपाचे कारण नैसर्गिक नसून लोकांची पापे हेच आहे, असे प्रतिपादन केले. पुढे १७६१ मध्ये त्यांना क्रूरपणे ठार करण्यात आले, तो अन्यायच होता. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नको. पण त्यांचा विचार निवाड्यापाशी थांबला. त्याच काळात प्रधान पोंबाल याने देशभरातील धर्मग्रामांकडे प्रश्नावली पाठविली : धक्का किती वाजता सुरू झाला, किती वेळ टिकला, समुद्र आधी चढला की ओसरला, माणसे किती गेली? खेड्यापाड्यांतील धर्मगुरूंनी पाहून, विचारून, मोजून उत्तरे लिहिली. ती कागदपत्रे आजही भूकंपशास्त्राच्या अभ्यासकांना उपयोगी पडतात. त्या अनामिक धर्मगुरूंनी प्रेतसंस्कारही केले असतील, रडणाऱ्यांच्या पाठीवर हातही फिरविला असेल. आणि त्याच हाताने त्यांनी समुद्र आधी ओसरला की चढला हे नोंदवून ठेवले. पुढच्या पिढ्यांवरील ती प्रीतीच नव्हे काय?

आता २००४ च्या त्या सकाळीकडे पुन्हा पाहू. भूकंप साडेसहाला झाला. तामिळनाडूच्या नागपट्टणम किनाऱ्यावर लाट आली ती नऊच्या पुढे. मध्ये सुमारे अडीच तास होते. हवाई बेटांवरील प्रशांत महासागराच्या इशारा केंद्राने काही मिनिटांतच भूकंप टिपला होता. पण हिंदी महासागराच्या देशांना कळविण्याची व्यवस्थाच अस्तित्वात नव्हती. कार निकोबार येथील वायुदलाचा तळ लाटेखाली गेला, शंभराहून अधिक जवान आणि त्यांचे कुटुंबीय गेले. तेथील अखेरचे संदेश मुख्य भूमीवर पोहोचलेही होते. तरीही किनाऱ्यावर मुले क्रिकेट खेळत राहिली आणि स्त्रिया मासळीची वाट पाहात बसून राहिल्या. एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. लाटेला इच्छा नव्हती. परंतु ते अडीच तास माणसांचे होते.

ते अडीच तास ज्यांनी वापरले त्यांचीही गोष्ट आहे. पुद्दुचेरीजवळील नल्लवाडू या कोळ्यांच्या गावातील एक जण सिंगापूरला कामाला होता. त्याला तेथे बातमी समजली; त्याने घरी दूरध्वनी केला. गावात स्वामिनाथन प्रतिष्ठानाने सुरू केलेले माहिती केंद्र होते आणि त्याचा ध्वनिक्षेपक होता. त्यावरून घोषणा झाली, गाव रिकामे झाले, आणि सुमारे पाचशे कुटुंबांचे ते गाव वाचले. सुमात्राजवळचे सिमेउलुए बेट तर भूकंपाच्या अगदी जवळ. तेथे १९०७ च्या लाटेची आठवण आजीआजोबांनी गाण्यांतून आणि कथांतून नातवंडांना दिली होती : जमीन जोराने हलली आणि समुद्र मागे गेला तर थांबू नका, टेकडीकडे पळा. या आठवणीला त्यांच्या भाषेत 'स्मोंग' म्हणतात. सत्तर हजारांहून अधिक वस्तीच्या त्या बेटावर लाटेने सातच माणसे गेली. सत्त्याण्णव वर्षे जपलेले एक वाक्य हजारो जीवांना पुरले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लाट सर्वांवर सारखी आली, मृत्यू मात्र सारखा वाटला गेला नाही. नागपट्टणममध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. पुरुष खोल समुद्रात होड्यांवर होते, जेथे लाट जाणवतच नाही, आणि स्त्रिया किनाऱ्यावर मुलांजवळ. नंतरच्या मदतछावण्यांत दलित कुटुंबांना पाण्यावरून आणि निवाऱ्यावरून दूर सारल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. किल्लारीतही जमीन हलली ती निसर्गाने. पण माणसे मारली ती मातीत बसविलेल्या दोन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंतींनी आणि जड माळवदांनी. लिस्बननंतर तत्त्ववेत्ता रूसो याने व्हॉल्तेअरला हेच कळविले होते की दाटीने उभी असलेली उंच घरे काही निसर्गाने बांधलेली नव्हती. देवाला दोष देण्याची आपली घाई पुष्कळदा आपल्या हातच्या दोषावर पांघरूण घालते. देवाचा कोप म्हटले की घर कसे बांधले, बातमी का दिली नाही, छावणीत पाणी कोणी नाकारले, हे प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही.

तथापि ज्ञानाचीही मर्यादा मान्य केली पाहिजे. जपानइतकी तयारी कोणत्या देशाची नव्हती. ११ मार्च २०११ रोजी तेथे भूकंपानंतर अवघ्या काही मिनिटांत इशारा दिला गेला, तरीही समुद्राने संरक्षक भिंती ओलांडल्या आणि अठरा हजारांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. सारे करूनही काही उरतेच. त्या उरलेल्या दुःखाला तत्त्वज्ञान उत्तर देऊ शकत नाही, आणि धर्मगुरूने ते असल्याचा आव आणू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मूकपणे बसून राहिले तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि चुकले. लाजराच्या थडग्यापाशी प्रभूने मृत्यूची मीमांसा केली नाही, तो रडला. होरेब पर्वतावर एलीयाला परमेश्वर वादळात, भूकंपात, अग्नीत भेटला नाही; त्यानंतरच्या मंद वाणीत भेटला. आपत्तीनंतर आपणही देवाला भूकंपात शोधू नये. शेजाऱ्याने हळूच विचारलेल्या "जेवलात का?" या शब्दांत तो भेटण्याचा संभव अधिक आहे.

त्सुनामीनंतर आपल्या देशाने इशारा केंद्र उभारले. १५ ऑक्टोबर २००७ पासून ते अहोरात्र चालू आहे, आणि ते आहे कोठे? मुंबईला नाही, चेन्नईला नाही. हैदराबादला, दख्खनच्या पठारावर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. ज्या हैदराबाद संस्थानात आमची हिंगोली १९४८ पर्यंत होती, त्याच्या राजधानीत बसून काही माणसे रात्रभर जागून अंदमानच्या आणि मकरानच्या समुद्रावर नजर ठेवतात. ज्याचे तोंड कधी पाहिले नाही अशा कोळ्याच्या झोपेची राखण पठारावरचा माणूस करतो. 'माझा शेजारी कोण?' या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर आजच्या युगात क्वचितच सापडेल. दूर असणे ही सबब होऊ शकत नाही.

मग आम्ही जमिनीवरची माणसे काय करावे? मार्च २०२४ च्या धक्क्यानंतर आमच्या भागात प्रशासनाने एक साधी सूचना दिली होती : घराच्या पत्र्यावर आधारासाठी दगड ठेवले असतील तर ते काढून घ्यावेत. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून ठेवलेला दगड भूकंपात झोपलेल्या मुलाच्या डोक्यावर पडतो. ही सूचना वाचून मला मोशेच्या नियमशास्त्रातील एक आज्ञा आठवली. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे की नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घराला लागेल. पडणाऱ्याच्या पापपुण्याचा हिशेब त्या आज्ञेत नाही. ती बांधणाऱ्याला विचारते, तू कठडा केलास काय?

प्रिय कुटुंबीयहो, आपल्या घरांत, शाळांत, प्रार्थनामंदिरांत असे न केलेले कठडे पुष्कळ असतील. पत्र्यावरचा दगड, दाराआड अडकलेली वाट, तडा गेलेली शाळेची भिंत, गल्लीतील एकटी राहणारी म्हातारी जिला धक्क्याच्या वेळी हात देणारे कोणी नाही. एका रविवारी मिस्सानंतर चार तरुणांनी मिळून दोन-चार घरांचे दगड उतरविले, पत्रे खिळ्यांनी आणि तारेने पक्के केले, आणि मुलांना धक्का बसला की कोठे थांबावे व कोठे जावे हे एकदा शिकविले, तर ते लेंट काळातील पश्चात्तापाचे कार्य मानण्यास मला संकोच वाटणार नाही. पश्चात्ताप म्हणजे मन वळविणे. आणि वळलेले मन हातांतून दिसावे लागते. घर ज्याचे आहे तो कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा, हे तेव्हा विचारावयाचे नाही. पत्र्यावरचा दगडही ते विचारीत नाही.

पुढची लाट कधी येईल, पुढचा धक्का कोठे बसेल, हे कोणालाही ठाऊक नाही. तोवर माळ्याने मागून घेतलेले वर्ष चालू आहे. कुदळ आपल्या हाती आहे.